मधात काय लिहू?

तुमसरच्या एका राईस मिलमध्ये मी बावीस वर्षं हिशेब लिहिते. आधी लाल कापडी बांधणीच्या वह्यांत लिहायचे, मग टॅलीवर. दोन वर्षांपासून आणखी एका गोष्टीत लिहिते. माझा भाचा तिला माइंड मॅप म्हणतो, आमचे शेठ कोळ्याचं जाळं म्हणतात. भाचा नागपूरला शिकतो. दिवाळीत आला तेव्हा त्याने माझ्या लॅपटॉपवर फ्रीप्लेन टाकून दिलं, फुकट मिळतं म्हणून. पडद्याच्या मध्यावर एक घर असतं, त्यात शब्द लिहायचा. टॅब दाबली की घराला फांदी फुटते, एंटर दाबली की फांदीला बहीण मिळते, आणि स्पेसबार दाबला की खालचा सगळा पसारा मिटून जातो. संसारात अशी एक कळ असती तर, असं मी त्याला म्हटलं. "मावशी, तू पहिल्याच दिवशी अध्यात्मात शिरू नको," तो म्हणाला. पुढे तेच झालं.

धानाला हे जाळं अगदी नेमकं बसलं. मधात लिहिलं 'धान'. (आमच्याकडे मधोमध म्हणत नाहीत, मधात म्हणतात.) धानाला चार फांद्या: तांदूळ, कणी, कोंडा, तूस. सरकारी भरडाईत एका क्विंटल धानामागे 67 किलो तांदूळ जमा करावा लागतो. उरलेल्या तेहेतीस किलोंत कणी, कोंडा, तूस आणि उडून गेलेली ओल. प्रत्येक फांदीला पुढे बारदाना, वाहतूक, गोदाम, येणं. एखादा ट्रक अडला तर त्या फांदीवर लाल खूण करायची. चारही फांद्यांचं वजन परत जोडलं, त्यात उडालेली ओल धरली, की मधातलं धान मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर कुठेतरी चोरी आहे नाहीतर काटा बिघडला आहे. मला हे फार आवडलं. एकातून चार निघाले, चारांची बेरीज पुन्हा एक.

बाबांच्या वह्यांना हे लावून पाहायचं माझ्या डोक्यात कसं आलं, ते आता आठवत नाही. बाबा माझ्याकडे राहायला आले त्याला पुष्कळ वर्षं झाली. पवनी तालुक्यातलं आमचं घर आणि तीन एकर धानाची शेती एका धरणाच्या बुडितात गेली. घर सोडताना त्यांनी एक नांगर, एक पितळी गंगाळ आणि सहा वह्या आणल्या. आम्ही महानुभाव. बाबांनी एकोणिसाव्या वर्षी उपदेश घेतला आणि पुढची चाळीस वर्षं, रोवणीचे दिवस सोडून, रोज संध्याकाळी महंतांकडे बसून जे ऐकलं ते या वह्यांत उतरवलं. सूत्रपाठ त्यांना तोंडपाठ आहे. आता ते त्र्याऐंशीचे आहेत, मोतीबिंदू काढूनही वाचणं होत नाही. वह्यांची शाई फिकी पडत चालली आहे. मला वाटलं, हे सगळं नकाशात घालून ठेवावं. एक फाइल, त्यात सगळी ब्रह्मविद्या.

सूत्रपाठ म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात महाराष्ट्रभर फिरले. आमच्या भंडाऱ्यालाही आले. इथला नीळभट्ट भांडारेकार त्यांच्यामागे निघाला, आणि म्हणून लीळाचरित्राच्या एकांक या पहिल्या भागात भंडाऱ्याचं नाव आहे. स्वामींनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही. ते बोलले, लोकांनी ऐकलं. स्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी ज्यांनी जे पाहिलं-ऐकलं ते त्यांना गाठून विचारलं, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं, आणि साधारण 1278 च्या सुमारास ऋद्धिपुरात लीळाचरित्र उभं राहिलं. मग केसोबासांनी त्या गोष्टींतून स्वामींची वाक्यं वेगळी काढली आणि विषयवार लावली: विद्यामार्ग, संहार, उद्धरण, असतीपरी, महावाक्य, निर्वचन, आचार, विचार अशी प्रकरणं. सूत्रं हजाराच्या वर आहेत. 114 दृष्टांतांचा दृष्टांतपाठही त्यांनीच लावला. माझा भाचा ज्याला माहिती संघटित करणं म्हणतो ते काम मराठीत सातशे वर्षांपूर्वी एका माणसाने बोरूने केलं, आणि तेही मराठी गद्य नुकतं उठून चालायला लागलं होतं तेव्हा.

त्याच काळात तिकडे युरोपात माजोर्का बेटावरचा रामोन यूल ज्ञानाची झाडं काढत होता. 1295-96 मध्ये लिहिलेल्या त्याच्या ग्रंथात अशी सोळा झाडं आहेत, आणि त्यांच्या मुळांत देवाचे गुण लिहिले आहेत. पुढे 1974 मध्ये टोनी बुझान या इंग्रजाने बीबीसीच्या कार्यक्रमातून माइंड मॅप घरोघरी नेला: मध्यावर एक चित्र, भोवती वाकड्या फांद्या, एका फांदीवर एकच शब्द. यूलचं झाड असो की बुझानचं जाळं, सगळं एकाच जागेतून फुटतं.

माझी गाडी तिथेच अडली.

श्रावणातल्या एका रविवारी मी लॅपटॉप घेऊन बाबांच्या खाटेजवळ बसले. नवा नकाशा उघडला. मधातलं घर लुकलुकत होतं. महानुभावांचं तत्त्वज्ञान चार पदार्थांवर उभं आहे: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. लहानपणी मी हे बे एक बे सारखं म्हणायचे. चार फांद्या तर तयारच होत्या, धानासारख्याच. टॅब, जीव. एंटर, देवता. एंटर, प्रपंच. एंटर, परमेश्वर. मग मी बाबांना विचारलं, "बाबा, मधात काय लिहू?"

"कायच्या मधात?"

मी समजावलं. हे चार ज्यातून निघतात ते.

बाबा उठून बसले. "कशातूनच निघत नाहीत," ते म्हणाले. "चारी अनादि. चारी नित्य. चारी स्वतंत्र. कोनी कोनापासून झाला नाही."

हे मला पाठ होतं. पण पाठ असलेली गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली, कारण पहिल्यांदाच ती माझ्या हाताला आडवी आली. सॉफ्टवेअरमध्ये मधलं घर पुसता येत नाही. बाकी काहीही पुसा, हलवा, दुसऱ्याच्या खाली टाका. मधलं जागचं हलत नाही, आणि बाकी जे काही आहे ते त्याचं लेकरू. म्हणजे यंत्राने आधीच ठरवून टाकलं आहे की जगाला एक मूळ आहे. कोणी अद्वैती असता तर त्याने मधात ब्रह्म लिहून डोळे मिटले असते. फांद्यांची त्याला चिंताच नाही, त्या भासमानच. आम्हा द्वैत्यांची मात्र पंचाईत. परमेश्वराला मधात ठेवावं म्हटलं तर जीव त्याची फांदी होतो. जीव त्याच्यातून निघाला, असं आमचं शास्त्र म्हणत नाही. जीव वेगळाच आहे, बांधलेला आहे, आणि परमेश्वर कृपेने त्याला सोडवतो. आपल्याच फांदीला सोडवायला कृपा कशाला लागते?

मी मधात 'ब्रह्मविद्या' लिहिलं. शास्त्राचंच नाव. बाबा म्हणाले, चालते, पन ते त पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरचं नाव झालं.

तरी मी भरत गेले. रोज जेवणं आटोपली की तासभर. बाबा सांगायचे, मी टाकायचे. पंधरा दिवसांत नकाशा पडद्याबाहेर गेला आणि तेव्हा एक गंमत दिसली. देवतांची फांदी सगळ्यात मोठी झाली होती. आमच्याकडे देवतांचे नऊ थोवे, म्हणजे समूह, आहेत, वर चैतन्यमायेपासून खाली कर्मभूमीच्या देवतांपर्यंत. त्यांची मोजदाद 81 कोटी सव्वा लाख 10. हा शेवटचा 10 लहानपणी मला फार आवडायचा. इतक्या कोटींच्या हिशेबात दहांनाही कोणी विसरलं नाही म्हणून. प्रत्येक थोवा, त्याचं स्थान, त्याचं फळ, त्या फळाची मुदत, असं लिहीत गेलं तर पडदा पुरत नाही. प्रपंचाचीही फांदी बरी फोफावली, कारणप्रपंच, कार्यप्रपंच वगैरे. परमेश्वराच्या फांदीला मात्र पाचच कोंब: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू, चक्रधर. जीवाच्या फांदीवर एकच शब्द होता, 'अनंत'. ज्या देवतांच्या नादी लागू नका म्हणून आयुष्यभर ऐकलं त्यांनीच तीन चतुर्थांश पडदा व्यापला होता. ज्याला सोडवायचं तो एका कोपऱ्यात, ज्याने सोडवायचं तो दुसऱ्या.

लांबून कोणी हा नकाशा पाहिला असता तर म्हणाला असता, हा देवतांचा पंथ दिसतो. जास्त सांगण्यासारखं आहे ते मोठं दिसतं. मिलमध्ये हे चालतं, कारण तिथे मोठं म्हणजे खरंच मोठं, तांदूळ सदुसष्ट आणि कणी थोडी. इथे मोठेपणाचं माप फांदीत नाही. हत्ती आणि जन्मांधांचा दृष्टांत दृष्टांतपाठातही आहे, आणि या जागी तो कोणालाही सुचेल, म्हणून मी तो फार ताणत नाही. एवढंच म्हणते की माझ्या पडद्यावर हत्तीची शेपूट हत्तीपेक्षा लांब झाली होती.

त्याच आठवड्यात माझ्याकडून घोळ झाला. माउस सरकला आणि आचार प्रकरणातल्या सूत्रांची अख्खी जुडी कर्मभूमीच्या देवतांखाली जाऊन पडली. या सॉफ्टवेअरचा स्वभावच असा की एक फांदी हलवली की तिच्याखालचं सगळं बिऱ्हाड मुकाट निघतं, कोणी तक्रार करत नाही. मला पत्ताच नव्हता. मी बाबांना वाचून दाखवू लागले, देवता, मग कर्मभूमी, मग एकदम साधकाने कसं राहावं, काय खावं, कुठे निजावं. बाबा आधी हसले, मग गप्प झाले. "हे कोनाले सांगतलन?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"हे सूत्र. स्वामींनी कोनाले सांगतलन? कवा? कुठी?"

मला माहीत नव्हतं. नकाशात ते नव्हतंच. केसोबासांच्या सूत्रपाठातही ते नसतं, आणि ही गोष्ट आमच्या जुन्या आचार्यांना फार लवकर खुपली. वाक्य गोष्टीतून उपटलं की ते सुटसुटीत होतं, पाठ करायला बरं होतं, पण ते कोणाच्या प्रश्नाला उत्तर होतं हे हरवतं. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला लागू करून लोक भांडू लागतात. म्हणून 'प्रकरणवश' नावाचा एक ग्रंथ झाला. त्याचं काम एवढंच, कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघालं ते सांगणं. आधी गोष्टीतून वाक्यं काढली, मग वाक्यांना त्यांच्या गोष्टी परत आणून दिल्या. मला हे फार माणसासारखं वाटतं. पसारा आवरतो आपण, आणि मग आवरलेल्यात ती एक चिठ्ठी शोधत बसतो.

बाबांची आठवण कशी चालते तेही मला तेव्हाच उमगलं. मधलंच एखादं सूत्र विचारलं तर त्यांना येत नाही. ते डोळे मिटतात, प्रकरणाच्या आरंभापासून पुटपुटत येतात, आणि त्या सूत्रापाशी आले की आवाज मोठा करतात. प्रत्येक सूत्राला मागचं सूत्र हाताला धरून आणतं. माझ्या नकाशात घराणं आहे, आई आहे, लेकरं आहेत, पण शेजार नाही. ऋद्धिपूर नाही, प्रतिष्ठान नाही, गोदावरीचा काठ नाही. स्थानपोथी नावाचा आमचा आणखी एक जुना ग्रंथ आहे. स्वामी कुठे बसले, कुठे निजले, त्या जागेचं दार कोणत्या दिशेला, असं सगळं त्यात मांडलेलं. एकदा बाबांनी पडद्याकडे तोंड करून मला विचारलं, "यात पूर्व कोन्या बाजूले आहे?" मी हसले. मग त्यांचं बुडालेलं घर आठवलं. त्या घरातला वह्यांचा कोनाडा पूर्वेच्या भिंतीत होता आणि बाबा आजही वही मागताना त्या दिशेला हात करतात. मग मला हसू आलं नाही.

मी नकाशा मोडला नाही, उलटा केला. आता फांद्यांवर सूत्रांऐवजी ती ज्यांना सांगितली ती माणसं आली. नागदेव, बाइसा, महदाइसा, नीळभट्ट. महदाइसेची फांदी झपाट्याने वाढली, कारण ती सारखी प्रश्न विचारायची. जिला आपण आद्य मराठी कवयित्री म्हणतो ती आधी विचारणारी बाई होती, हे मी कॉलेजात तिचे धवळे शिकताना कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक माणसाखाली जागा, जागेखाली प्रसंग, आणि प्रसंगाच्या टोकाला सूत्र. आता ते पानासारखं टोकाला येत होतं. जिथे आठवणींत फरक आहे तिथे लीळाचरित्रात 'वासना' असा शब्द येतो, म्हणजे दुसऱ्या कोणाची निराळी आठवण. पंथात असं सांगतात की यादवांचं राज्य गेलं त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली आणि पुढे ज्यांना जसं आठवत होतं तसं त्यांनी पुन्हा लिहून काढलं. म्हणून पाठ निरनिराळे. त्यांनी एक पाठ खरा आणि बाकी खोटे असं केलं नाही, वासना वासनेजवळ ठेवली. मी तशा जागी ठिपक्यांची जोडरेघ काढते. ही रेघ आई-लेकराची नाही, दोन घरांमधली आहे. फ्रीप्लेनमधली मला सगळ्यात आवडलेली सोय हीच.

पण मधलं घर तसंच होतं. प्रश्न विचारणाऱ्यांचा नकाशा, तर मधात विचारणारा, म्हणजे जीव, असं मला वाटू लागलं. मला ते पटलंही होतं. चार पदार्थ स्वतंत्र असतील, पण ते एका विचारात एकत्र येतात ते कोणाच्या तरी विचारण्यामुळेच ना? परमेश्वराला प्रश्न नाही. देवतांना आपल्या फळाचा कैफ. प्रपंच जड. अडलेला एकटा जीव. मी मोठ्या उत्साहाने मधात 'जीव' लिहिलं आणि बाबांना सांगितलं.

ते बराच वेळ बोलले नाहीत. बाहेर पाऊस लागला होता, दिवे गेले होते, लॅपटॉपच्या उजेडात त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजता येत होत्या. "तोच त रोग हाय बाई," ते शेवटी म्हणाले. "जीव मधात बसते आन् सगळं आपल्याभोवती फिरवते. त्यालेच त बंधन म्हनते." मग म्हणाले, गीतेत झाड आहे, पंधराव्या अध्यायात. मूळ वर, फांद्या खाली, आरंभ सापडत नाही, शेवट सापडत नाही. ते झाड श्रीकृष्णाने समोर ठेवलं ते तोडायसाठी. तू त्याला रोज पानी घालून रायली.

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही. बाबांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, आणि तरी त्याच रात्री त्यांनीच मला विचारलं की आचार प्रकरणातलं अमुक सूत्र कोणाखाली टाकलं. झाड तोडायचं आहे तर पान कोणत्या फांदीवर आहे याची एवढी काळजी का? हे मी त्यांना विचारलं नाही. कदाचित तोडणाऱ्यालाही आधी फांद्या ओळखाव्या लागत असतील. कदाचित त्र्याऐंशीव्या वर्षी लेकीजवळ बसून जुनी नावं घेणं त्यांना आवडतं, एवढंच असेल.

मी 'जीव' पुसलं. 'ब्रह्मविद्या' परत लिहावंसं वाटेना. मधलं घर काढता येत नाही, पण त्यात काही लिहिलंच पाहिजे अशी सक्ती नाही. मी तिथे नुसती एक मोकळी जागा टाकली. पडद्यावर एक छोटं रिकामं घर उरलं, भोवती ऋद्धिपूर, प्रतिष्ठान, भंडारा, महदाइसा आणि नीळभट्ट. बाबांना दाखवलं. त्यांनी पडद्याला नाक लावून पाहिलं, त्या रिकाम्या घरावरून बोट फिरवलं. दंडवत केला नाही, नाकारलंही नाही. "उद्या महदाइसेचं पुढं घेऊ," म्हणाले.

सोमवारी मिलमध्ये शेठ माझ्या टेबलाजवळ आले. उन्हाळी धानाची भरडाई कुठवर आली ते पाहायचं होतं. मी घाईत फाइल उघडली ती बाबांची. शेठ खुर्चीमागे उभे. पडदाभर फांद्या, एकही आकडा नाही, आणि मधात ते रिकामं घर.

"मॅडम, मधात काहीच लिहिलं नाही?"

"माल यायचा आहे," मी म्हटलं, आणि धानाची फाइल उघडली.